घासून गेलेला राजा

पदकं गेली हे दसऱ्याच्या सकाळी कळलं. शेषरावांच्या बायकोला, जमुनाला, जाऊन चौथा महिना लागला होता, आणि त्या घरात कोणती वस्तू कुठं आहे हे सांगणारं माणूस तीच होती.

वर्ष व्हायचं होतं, म्हणून शेषरावांच्या घरी गोडधोड नव्हतं आणि दाराला तोरणही नव्हतं. पण बंडूनं अकोल्याहून फोनवर बजावलं होतं, "शस्त्रपूजेले सुतक नसते, दादा. बाबाची पदकं पाटावर पाह्यजेतच." बंडू शेषरावांचा धाकटा भाऊ, माजी नगरसेवक. माजी हा शब्द त्याला अंगावर पडलेल्या पालीसारखा वाटत असे. येत्या रविवारी अकोल्यातल्या एका चौकाला 'फौजदार नत्थुजी मोहोड चौक' असं बापाचं नाव देण्याचं त्यानं जमवलं होतं. मंत्री येणार होते. मखमली उशीवर बाबांची तिन्ही पदकं ठेवायची, उशी मंत्र्यांच्या हाती द्यायची, फोटो काढायचा आणि त्या फोटोवर पालिकेचं तिकीट मागायचं, असा सरळ बेत होता. पदकं न्यायला तो बायकोला, ज्योत्स्नाला, घेऊन राजापेठेतल्या घरी आला होता. मोठी बहीण वच्छला सकाळच्या एसटीनं अचलपूरहून आली होती. सोनं द्यायला, असं ती म्हणाली. पण उशी कुठं आहे हे तिनं चपला काढायच्या आधी विचारलं.

पाटावर शेषरावांचे डेपोतले पाने होते. नोकरीत त्यांनी त्या पान्यांनी एसटीच्या किती गाड्या खोलल्या त्याला गणती नव्हती. मुलाचा, प्रीतमचा, लॅपटॉप होता. प्रीतम पुण्याला कामाच्या ठिकाणी होता. लॅपटॉप जुना, घरीच पडलेला. ज्योत्स्नानं नवऱ्याच्या पक्षाचा गमछाही घडी करून ठेवला. यंदा त्याचा रंग वेगळा होता. मधली जागा पदकांची. सुनेनं, रश्मीनं, कपाटातून निळी मखमली डबी आणली. बंडूनं मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला आणि डबी उघडली.

आत जमुनाचा जुना चष्मा होता आणि दाढदुखीच्या लवंगा.

"हे काय होय?" बंडू म्हणाला.

"चष्मा," शेषराव म्हणाले.

"ते दिसते मले. पदकं कुठी हायेत?"

शेषरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा उचलला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. पदकांपेक्षा तो सापडल्याचं त्यांना बरं वाटलं होतं, पण ते त्या वेळी बोलण्यासारखं नव्हतं.

"बाप्पा!" वच्छलानं गालावर हात ठेवला. "माय गेली तवाच मी म्हनलं होतं, डबी माह्यापाशी राहू द्या. पन मी पडली पोरगी. पोरीले कोन इचारते?"

"एक बोलू का? राग नका मानू," ज्योत्स्ना म्हणाली. ज्योत्स्नानं असं म्हटलं की राग येणार हे ठरलेलं असे. "जमुनाबाईच्या मनात त्या पदकांचा डंख होताच. त्यायचे वडील बेचाळीसले जेलात, आन् आपले मामंजी पोलिसात. मनात राहते ते मानसाच्या. म्हनून म्हनते, धामनगावले एकदा इचारून पाहा."

धामणगाव रेल्वे हे जमुनाचं माहेर. तिथं तिचा भाऊ खुशालराव धान्याची अडत करत होता.

आता फौजदारांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. नत्थुजी मोहोड दुसऱ्या महायुद्धाच्या आधी शिपाई म्हणून लागले, लढाईच्या सालांत जमादार झाले आणि फौजदार होऊन पेन्शनीत गेले. लढाईत त्यांचं काम मालधक्क्यावरच्या कापसाच्या गाठी आणि रॉकेलची पिंपं राखायचं. जर्मनीनं वऱ्हाडातल्या रॉकेलवर चाल केली नाही, त्यामुळे एकही पिंप गेलं नाही, आणि त्याबद्दल पहिलं पदक मिळालं. दुसरं बेचाळीसच्या ऑगस्टचं. धामणगावच्या अलीकडे एका चौकीवर जमाव चालून आला, तेव्हा जागा न सोडल्याबद्दल. या दोन्हींवर इंग्लंडच्या राजाचं तोंड होतं. तिसरं स्वातंत्र्यानंतरचं, सिंहांचं. सरकार बदललं, छाती तीच राहिली. सदऱ्याला फक्त एक भोक वाढलं.

बेचाळीसच्या त्या दिवशी फौजदार नक्की कसे वागले हे मात्र बंडू कोणत्या पक्षात आहे त्यावर होतं. पहिल्या पक्षात असताना त्यांनी कोठडीचं कुलूप उघडून सत्याग्रही सोडून दिले होते. बंडू दुसऱ्या पक्षात गेला, तेव्हा त्यांनी एकट्यानं काठी घेऊन चौकी राखली. आता तिसऱ्या पक्षाच्या पत्रिकेवर 'कर्तव्य आणि देशप्रेम यांचा सुरेख मेळ घालणारे' असं छापून आलं होतं. मेलेल्या माणसाला एवढी धावपळ बंडूनंच करायला लावली.

आणि जमुना. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्यापुढं चिंच, राख आणि विटेची भुकटी ठेवली आणि सांगितलं, "देवाचे भांडे घासशीन तवा हेबी घासत जाय. फौजदाराचं तेज उतरलं नाही पाह्यजे." दर अमावस्येला देवाची भांडी निघत, त्यांच्यासोबत पदकं निघत. सासू गेली, फौजदार गेले, जमुना घासतच राहिली. आधी राजाचं नाक गेलं. मग कान, मग मुकुट. शेवटी दोन्ही पदकं पेढ्यासारखी गुळगुळीत झाली. सिंह जरा चिवट निघाले, पण त्यांचीही आयाळ जाऊन मांजरं झाली. शेषराव एकदा म्हणाले होते, "अवं, राजाचं तोंड गेलं ना."

"राज्य गेलं तवा कोनी रडलं नाही," जमुना म्हणाली होती, "तोंड गेलं तं काय होते?"

घासताना ती पुष्कळदा एकटीच हसायची. का हसायची ते शेषरावांना ठाऊक होतं. घरात आणखी कोणाला नव्हतं.

बंडूनं फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. शेषराव "थांब" म्हणाले तोवर पलीकडून आवाज आला होता.

"खुशालराव, दसऱ्याच्या शुभेच्छा. बंडू बोलतो."

"कोन, नगरसेवक?"

"माजी."

"बोला माजी."

"काही नाही, लहानसं काम होतं. वहिनीनं आमच्या बाबाची पदकं तुमच्याकडं ठेवाले देल्ली असतीन. रविवारच्या आत पाठवून द्या. आमी काही बोलनार नाही, कुठी वाच्यता करनार नाही."

पलीकडे खुशालरावांनी हमालांना तराजू थांबवायला सांगितलं.

"बंडूभाऊ," खुशालराव म्हणाले, "माह्या बापानं तुमच्या त्या सरकारच्या जेलात चक्की पिसली. सुटल्यावर कोनापुढं हात पसरला नाही. आन् मी त्या राजाच्या बिल्ल्यासाठी माह्या बहिनीले चोर करीन? ती गेली तवा तिची नथ आमी तुमच्याच घरी ठेवून आलो. बिल्ले नेतो का? जवाई हायेत का तथी?"

"हाओ," शेषराव म्हणाले.

"ऐकून राहिले तुमी हे?"

"ऐकून राहिलो."

"बरं हाय," खुशालराव म्हणाले आणि फोन ठेवला.

ते 'बरं हाय' शेषरावांना फार लागलं. आयुष्यात तिनं दुसऱ्याच्या वावरातला हरभऱ्याचा घाटासुद्धा न विचारता तोडला नव्हता. आज तिच्याच घरातून, तिच्या नवऱ्याच्या देखत, ती चोर असल्याचं तिच्या भावाच्या कानात गेलं होतं. आणि नवरा म्हणाला काय, तर ऐकून राहिलो.

"बंडू, परत लाव फोन. माफी माग त्याले."

"पदकं सापडू द्या, मंग मागतो."

"आन् नाही सापडली तं?"

"मंग काहून मागू?"

बंडूशी बोलताना माणूस नेहमी अशा जागी येऊन थांबत असे. त्याचे विरोधकही हेच सांगत.

मग शोधाशोध झाली. वच्छलानं धान्याच्या कोठीत हात घातला, ज्योत्स्नानं गाद्या उलट्या केल्या, बंडूनं खुर्चीत बसून सगळ्यांना जागा सुचवल्या. जमुनाच्या लुगड्यांची ट्रंक उघडायची वेळ आली तेव्हा शेषराव मध्ये उभे राहिले.

"ह्याले हात नाही लावाचा."

"पाहा," ज्योत्स्ना वच्छलाला हळूच म्हणाली, पण स्पीकर सुरू असल्यासारखी, "असंन तं त्यातच असंन."

"मीबी तेच म्हनते," वच्छला म्हणाली. त्या वेळी ती बंडूच्या बाजूला होती. अकोल्याला जायची गाडी त्याची होती.

रश्मीला हे सगळं असह्य झालं होतं. ती राजापेठेतल्याच एका क्लासमध्ये गणित शिकवायची आणि उत्तर चुकलं की पहिल्या ओळीपासून तपासायची तिला सवय होती. पण सून म्हणून ती आत गेली आणि सगळ्यांसाठी पाणी घेऊन आली. पितळी गडव्यांत. लखलखीत नवे गडवे, गळ्याखाली कोरलेलं: 'कै. सौ. जमुनाबाई शेषराव मोहोड यांच्या स्मरणार्थ'.

तेरवीला आलेल्या प्रत्येक घराला गेलेल्या माणसाच्या नावाचा गडवा द्यायची मोहोडांची रीत होती. जमुनाच्या तेरवीला ते सारं ज्योत्स्नानं पदर खोचून केलं होतं, आणि केल्याचं तेव्हापासून सांगत होती.

शेषरावांनी गडवा तोंडाला लावला, आणि लावता लावता थांबले. त्यांनी तो खाली घेतला, उन्हाकडे धरला.

"ज्योत्स्ना, हे गडवे तू कशावर आनले होते?"

"मोडीवर!" ज्योत्स्नाचा चेहरा उजळला. कोणी तरी विचारलं होतं एकदाचं. "सांगितलं नव्हतं का तुमाले, भाऊजी? घरातलं सारं फुटकं-तुटकं काढलं, कुंदनशेठच्या दुकानात मोडीत घातलं आन् बदल्यात गडवे आनले. बाहेरून काही आनू देल्लं नाही."

"काय काय घातलं?"

"फुटकी घागर, भोकाची परात, एक पायमोडी समई, आन् ते चिंचेच्या डब्यातलं अटरमटर."

"चिंचेच्या डब्यात काय होतं, काकू?" रश्मीनं विचारलं.

"काही नाही वं. ताम्हनाखाली तीन चपट्या गोल चकत्या होत्या. जुन्या तराजूची वजनं असतीन. कुंदनशेठनंबी इचारलं, बाई हे काय होय? मी म्हनलं, वजनंच होय, साफ गुळगु..."

वाक्य तिथंच राहिलं.

वच्छलानं आपला गडवा जमिनीवर ठेवला आणि दोन बोटांनी दूर सरकवला. बंडूनं घोट घेतला होता. तो गिळावा की कसं हे त्याला कळेना.

उलगडा साधा होता. आजारी पडायच्या आधीच्या अमावस्येला जमुनानं भांडी घासायला काढली, पदकं चिंचेच्या डब्यात राहिली, आणि ती दवाखान्यात गेली ती परत आली नाही. रिकाम्या डबीत तिनं आधीच चष्मा ठेवला होता. रश्मी दुकानात जाऊन विचारून आली. दसऱ्याच्या गर्दीतही कुंदनशेठला ती मोड आठवत होती, पण ती केव्हाच भट्टीत गेली होती. त्या भट्टीतून पुन्हा काय ओतलं गेलं, घागर की गडवे, हे कोण सांगणार?

"मी तं म्हनतच होती," वच्छला म्हणाली, "जमुना तशी नव्हती."

ज्योत्स्ना रडायला लागली. तिच्या रडण्यात तक्रार अशी होती की पदकांवर तोंड होतं तर ते घासलं कशाला.

बंडू मात्र शांत झाला. तोंडघशी पडल्यावरच त्याचं डोकं चालत असे. "झालं ते झालं. घरची गोष्ट घरात. रश्मी, तुमच्या क्लासवाल्यायसाठी मेडल बनवून देनारे दुकानदार इथंच हायेत ना?"

"आहेत. ट्रॉफ्या, मेडल, सगळं मिळतं. पण काका..."

"मंत्री काय कसोटीवर घासून पाहनार हाय? फोटोत चमकलं म्हनजे झालं."

"आधी फोन," शेषराव म्हणाले.

"रविवार होऊ द्या, दादा. आता सांगितलं तं खुशालराव बाजारभर करीन. पेपरात येईन, पदकं मोडीत. मी सोताच धामनगावले जातो नंतर, पाया पडतो त्याच्या."

"पाया नको पडू. एवढंच म्हन: जमुनानं नेली नाहीत, आमच्याच घरानं मोडीत घातली. दोन वाक्यं होतेत."

"आन् नाही म्हनलं तं?"

"तं मी रविवारी स्टेजवर ज्वारीची गोष्ट सांगीन."

"कोनती ज्वारी?"

शेषरावांनी गोष्ट सांगितली. सांगायची असं त्यांनी ठरवलं नव्हतं.

बेचाळीसच्या त्या दिवशी फौजदारांचं, तेव्हाच्या जमादारांचं, पोट बिघडलं होतं. आदल्या दिवशी कुठल्याशा पंगतीत त्यांनी शिळी कढी ओरपली होती. सकाळपासून लोटा घेऊन ते चौकीमागच्या ज्वारीच्या वावरात जा-ये करत होते आणि शेवटी जाणंच राहिलं, येणं बंद झालं. अशात जमाव आला. दगड पडले, कौलं फुटली. एक काटक पोरगा झेंडा घेऊन छपरावर चढला. वरून त्याला ज्वारीत एक साफा दिसला. साफ्याखाली जमादार. याच्या हाती झेंडा, त्याच्या हाती लोटा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरानं कोणाला सांगितलं नाही. ओळख पटवताना जमादारानंही त्याचं नाव घेतलं नाही. ते दुसऱ्या कोणी घेतलं आणि पोरगा जेलात गेला. वर रिपोर्ट गेला की जमादारानं जागा सोडली नाही.

"ते खरंच होतं," शेषराव म्हणाले. "त्यायले उठताच येत नव्हतं."

रश्मीला हसू फुटलं. वच्छलानं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

"तो पोरगा म्हनजे माहे सासरे. बाबानं त्यायचीच पोरगी सून करून आनली. म्हने, गोष्ट घरात राहीन. दर दिवाळीले दोघं बुढे कोपऱ्यात बसून हसत, आठवते का तुले? जमुनाले बापानं सांगितलं होतं. पदक घासता घासता म्हनून हसे ती. डंख म्हनता तुमी. तिचाच तं जीव होता त्या पदकात."

बंडूनं सगळं ऐकून घेतलं. मग पुढाऱ्याला पडावा तोच प्रश्न त्याला पडला. "हे कोनाकोनाले माहीत हाय?"

"जमुनाले होतं. मले हाय. आता तुमाले."

"रविवार होऊ द्या, दादा. सोमवारी सकाळी फोन. बाबाच्या फोटोची शपथ."

बाबांच्या फोटोची शपथ बंडूनं तिन्ही पक्षांत घेतली होती. तरी शेषराव "बरं" म्हणाले. भाऊ होता. आणि भांडायला मागं उभं राहणारं माणूस घरात राहिलं नव्हतं.

रविवारी अकोल्यात कार्यक्रम झाला. मंत्री उशिरा आले आणि लवकर गेले. उशी मखमलीची होती, पदकं राजापेठेतली. शाळा-कॉलेजच्या खेळांसाठी तयार असलेली तीन मेडलं दुकानदारानं तिरंगी फितीत ओवून दिली होती. त्यांवर पळणारा माणूस होता. मंत्र्यांनी ती उंच धरली. फौजदार मोहोड संकटात पाय रोवून उभे राहिले, असं म्हणाले. पळणारा माणूस त्यांच्या बोटांत चमकत होता. पहिल्या रांगेत वच्छला आणि रश्मी एकमेकींकडे पाहायचं टाळत होत्या.

स्टेजवर समईशेजारी कलश मांडला होता. आंब्याची पानं, वर नारळ. ऐन वेळी ज्योत्स्नाला तांब्या सापडला नाही, म्हणून तिनं घरून हाती लागला तो गडवा आणला होता. कोरलेली बाजू लोकांकडे आली होती. शेषरावांना लांबचं नीट दिसत नसे. त्यांनी खिशातून जमुनाचा चष्मा काढला आणि लावला. नंबर जवळपास जुळत होता. 'कै. सौ. जमुनाबाई' एवढं वाचता आलं; पुढचं हारानं झाकलं होतं. मंत्र्यांनी वाकून त्या कलशाला हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडले. शेषरावांनी चष्मा काढून पुसला. सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

सोमवारी बंडू मुंबईला गेला. मंगळवारी त्याचा फोन लागला नाही. नंतर लागला तेव्हा म्हणाला, "तिकिटाच्या याद्या लागून राहिल्या, दादा, आता कसं?" दिवाळीत तो आला नाही, ज्योत्स्नानं अनारसे पाठवले, त्याच गडव्याच्या शेजारी डबा ठेवून फोटोही पाठवला.

शेषरावांनी स्वतः धामणगावला फोन केला. सगळं सांगितलं, चिंचेचा डबा, मोड, भट्टी.

खुशालरावांनी ऐकून घेतलं. "जवाई, तुमच्यावर माहा राग नाही," ते म्हणाले. "पन तिले चोर तुमी नव्हतं म्हनलं. ज्यानं म्हनलं त्यानं म्हनाव, चोर नाही म्हनून."

"म्हनीन तो."

"बरं हाय."

बंडूला तिकीट मिळालं. चौकात पाटी लागली. जमुनाचं वर्षश्राद्ध आषाढात आहे आणि खुशालरावांना बोलवायचं आहे. बंडूनं अजून फोन केलेला नाही.